नदीगाळातील मत्स्यावशेषांची ओळख (कोल्हापूर परिसर)

नदीच्या जुन्या गाळात मिळणारी माशांची हाडे, दात, खवले व काटे कोणत्या कुळातील किंवा (कुळाच्या पोटातील) वंशातील आहेत, हे ठरविण्याची पद्धत. वाहत्या पाण्यात सांगाडा विखुरतो, हाडे वाळूत घासली जातात. त्यामुळे अख्खा मासा क्वचितच मिळतो. हाती लागतात ते सुटे, टणक तुकडे.

कोल्हापूरचा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याच्या खालच्या आणि मधल्या गाळथरांतील माशांसाठी विदर्भ प्रसिद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला लेपिसॉस्टिअसचे जाड, चौकटदार, चकचकीत मुलाम्याचे खवले मिळाले. या माशाचे भाईबंद आज फक्त अमेरिका खंडात उरले आहेत. पंचगंगेकाठचा प्रश्न वेगळा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांनी आणलेला गाळ त्या मानाने अगदी अलीकडचा, म्हणून त्यातील हाड आजच्या माशांच्या हाडांशीच ताडून पाहावे लागते.

सर्वांत बोलका अवशेष म्हणजे शिंगट्याच्या पराचा काटा. छातीच्या पराचा काटा असमान असतो, त्यामुळे तो डावा की उजवा हे कळते. त्याच्या बुडाशी काटा ताठ उभा ठेवणारी खुंटी असते. पाठीच्या पराचा काटा मात्र दोन्ही बाजूंनी सारखा आणि बुडाशी भोक असलेला. कडेवरच्या दातऱ्यांवरून वंशापर्यंत पोचता येते, पण त्या घासून गेल्या असतील तर कुळावरच थांबणे प्रामाणिकपणाचे. रोहू, खडस यांसारख्या माशांच्या जबड्यात दात नसतात. ते घशातील हाडावर असतात आणि तेच जपून ठेवावेत. मरळीच्या जबड्यावर मात्र टोकदार दात. मणका दोन्हीकडून खोलगट, डमरूसारखा. त्यावरून मासा आहे हे लगेच कळते, कोणता ते सहसा नाही.

तुलनेसाठी बाजारातून मासे आणून सांगाडे करतात. इथे एक गफलत संभवते: रोहू व कटला मूळचे उत्तरेकडील नद्यांचे, इकडे पुढे सोडलेले. जुन्या गाळातले हाड त्यांच्याशी जुळल्यासारखे वाटले, तर आधी स्थानिक जातींशी पुन्हा ताडून पाहावे.

गाळ पाण्याखाली बारीक चाळणीतून धुतला नाही तर लहान दात हमखास निसटतात. हाडाला चिकटलेला कंकर (गाळात तयार होणारे चुनखडीचे खडे) सौम्य ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळतो, हाड टिकते. नंतर ते भरपूर धुवावे लागते. नुसता कंकरही हाडासारखा दिसतो, पण त्याला हाडाची सच्छिद्र बांधणी नसते.

पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया व दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. अशा पांढरीतून (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडातून) ढासळलेले हाड नदीच्या गाळात मिसळले, तर स्वयंपाकघरातील उष्टे जीवाश्म म्हणून खपू शकते. जळल्याचा काळेपणा, सुरीचे कापे आणि सोबतची खापरे पाहावीत. थराची खोली व जागा नोंदविली नसेल तर हाड ओळखूनही त्याचा काळ सांगता येत नाही. पुरानंतर काठावर सुटे पडलेले तुकडे म्हणूनच संग्रहात वेगळे ठेवतात.