भाकणूक वेगळी, इशारा वेगळा

पावसाळा सुरू झाला की आमच्या प्रार्थनासभेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. कुणा दूरच्या बांधवाला महापुराचं दर्शन झालेलं असतं. त्यात शहराचं नाव असतं, तारीख असते, 'पश्चात्ताप करा' असतं आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा' असतं. तारीख येते, उलटते. कृष्णामाई आपल्या पात्रातच असते. लगेच दोन तट पडतात. एकाचा आधार बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा अठरावा अध्याय: संदेष्ट्यानं सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं वचन नव्हे. दुसऱ्याचा आधार निनवे, योना संदेष्ट्याचा इशारा ऐकून वळलेलं आणि वाचलेलं शहर. एक म्हणतो, "बघा, खोटा संदेष्टा! अनुवाद अठरा काढा." दुसरा म्हणतो, "आपण उपास-प्रार्थना केली म्हणून टळलं. निनवेचं टळलं नव्हतं का?" शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात, शिकवायला लागल्यापासून हा वाद मी ऐकत आले आहे, आणि दोन्ही तटांना माझं सांगणं एकच असतं: तुम्ही दोघंही इशाऱ्याला भाकणूक समजून बसला आहात.

भाकणूक म्हणजे काय हे आपल्या भागात सांगायला नको. पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला लोक लांबून जातात. पाऊसपाणी, धान्याचे भाव, रोगराई, राजकारण. पाडव्याला पंचांगवाचन असतं, पहाटे पिंगळा दारात येऊन सांगून जातो. आमच्या मंडळीत हे कुणी मानत नाही, पण म्हणून मी टिंगलही करत नाही. मुद्दा एवढाच की भाकणूक ऐकणाऱ्याला स्वतःला बदलावं लागत नाही. पाऊस कमी म्हटलं तर तो फार तर बियाणं बदलेल. आणि हिशेब सरळ: सांगितलं तसं झालं तर खरी, नाही झालं तर चुकली.

इशाऱ्यासाठी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर चला. १९२९ सालचा हा पूल आणि तिथं मोजले जाणारे फूट हेच सांगलीकराचं पावसाळ्यातलं पंचांग. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ४० फुटांवर कुणी असं सांगत नाही की तुम्ही बुडणार. सांगतात ते असं की उठा, म्हातारी माणसं हलवा, जनावरं सोडा. गल्लीतून भोंग्याची गाडी फिरते, लोक पाहुण्यांकडं जातात, पाणी ओसरलं की येऊन चिखल काढतात. गल्लीत कुणीच बुडालं नाही म्हणून भोंगेवाला खोटारडा, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणी बुडू नये म्हणूनच तर तो ओरडत होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नात्यातले एक काका घर सोडेनात. भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती. तिच्या वर पाणी जात नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि काकांना बोटीतून आणावं लागलं. भोंगा त्यांच्याही कानावर गेला होताच. त्यांनी तो भाकणुकीसारखा ऐकला, म्हणजे 'होतंय का बघू' म्हणत.

उपमा इथवरच. कृष्णेचं पाणी आपल्या पश्चात्तापानं उतरत नाही. वर किती पडतं आणि कोयनेतून किती सोडतात त्यावर ते ठरतं. संदेष्ट्याच्या इशाऱ्यात मात्र ऐकणारा वळला तर येणारी आपत्तीच माघारी फिरू शकते. सगळा घोळ इथंच होतो.

थोडा दोष शब्दांचाही आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात 'भविष्यवादी', सभांच्या मांडवात 'भविष्यवाणी'. दोन्ही ऐकून वाटतं की या माणसाचं काम उद्याचं सांगणं. मला 'संदेष्टा' हाच शब्द आवडतो आणि मुलांना मी दुसरा वापरू देत नाही. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात देव मोशेला म्हणतो की तुझा भाऊ अहरोन तुझा संदेष्टा होईल. म्हणजे मोशे सांगेल ते अहरोनानं फारोपुढं बोलायचं. त्यात भविष्य औषधालाही नाही.

आता योना, देवानं निनवेला पाठवलेला संदेष्टा. तिथला त्याचा संदेश मूळ हिब्रूत पाच शब्दांचा आहे: अजून चाळीस दिवस, मग निनवे पालथं. 'जर' नाही, 'तर' नाही, 'वळा' असंही नाही. वाक्यरचना बघितली तर ती अस्सल भाकणूक. तरी राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसतो, राखेत बसतो आणि फर्मान काढतो की प्रत्येकानं आपली वाईट वाट सोडावी, हातून चाललेला जुलूम थांबवावा. वर म्हणतो, कोण जाणे, देव वळेलही. हे 'कोण जाणे' त्याला योनानं शिकवलेलं नव्हतं. मला वाटतं, त्यानं ते चाळीस दिवसांवरून ओळखलं. थकलेल्या कर्जाची नोटीस घरी येते तेव्हा आपणही मुदतीची तारीख आधी बघतो. वसूल करणाऱ्याला घरच हवं असतं तर मुदत कशाला दिली असती?

राजानं अंदाजानं जे ओळखलं ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, १८ व्या अध्यायात, नियम म्हणून लिहिलेलं आहे. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो, चाकावर बिघडलेलं मडकं कुंभार पुन्हा घडवताना बघतो, आणि मग वचन येतं: एखाद्या राष्ट्राला उपटीन म्हणून मी बोललो आणि ते आपल्या दुष्टपणापासून वळलं, तर योजलेलं अरिष्ट मी आणणार नाही. बांधीन, लावीन म्हणून बोललो आणि ते बिघडलं, तर ते हितही मिळणार नाही. म्हणजे 'जर' उच्चारला नाही तरी तो धरायचाच, आणि दोन्हीकडून धरायचा. पहिली बाजू आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. दुसरीवर मी आजवर उपदेश ऐकलेला नाही.

तरी 'खोटा संदेष्टा' म्हणणाऱ्याचं समाधान होत नाही, म्हणून त्याला मी यिर्मयाचाच २६ वा अध्याय वाचायला लावते. मंदिराच्या अंगणात यिर्मयावर जिवावरचा खटला चालू आहे. हे मंदिर उद्ध्वस्त होईल असं तो बोलला, हा गुन्हा. तेव्हा देशातले काही वडीलधारे उभे राहतात आणि शंभरएक वर्षांपूर्वीचा दाखला देतात. मीखा संदेष्टा म्हणाला होता की सीयोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल. हिज्कीया राजा घाबरला, परमेश्वराची विनवणी केली, आणि ते झालं नाही. आता गंमत बघा. मीखाचं बोलणं त्या वेळी घडलं नाही हे त्या सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून मीखा खोटा ठरला, असं त्यातला एकही म्हणाला नाही. उलट, त्याचं ऐकलं म्हणून आपण वाचलो आणि आज याला मारून काय पदरात पडणार, असं ते म्हणाले. न घडलेला इशारा त्यांनी खऱ्या संदेष्ट्याचा पुरावा म्हणून पुढं केला.

यावर हुशार माणूस लगेच म्हणेल, मग तर मोकळं रान! कुणीही तारीख ठोकावी, आणि चुकली की 'तुम्ही प्रार्थना केलीत' म्हणून सुटावं. आक्षेप अगदी रास्त आहे आणि आमच्या ग्रुपवरचा दुसरा तट नेमका याच पळवाटेनं सुटतो. याचं उत्तर यिर्मया २८ मध्ये आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाच्या सत्तेचं जू मोडेल, मंदिरातून लुटून नेलेली पात्रं परत येतील. यिर्मया म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. टोमणा असेल किंवा मनापासूनची इच्छाही असेल. मी दुसरं धरते. पण पुढं तो म्हणतो की आपल्या आधीचे संदेष्टे लढाई, अरिष्ट, मरी यांबद्दलच बोलत आले. शांतीचा संदेश देणारा मात्र त्याचं वचन घडून आलं म्हणजे ओळखू येईल. म्हणजे अनुवाद १८ चा 'घडलं की नाही' हा काटा यिर्मया रोखतो तो कुणावर, तर 'सगळं छान होईल' म्हणणाऱ्यावर. कारण 'छान होईल' ऐकून कुणी काही बदलत नाही. तिथं घडण्याशिवाय तपासायला दुसरं हातात काही उरतच नाही. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला आणि पुढं काही वर्षांनी बाबेलनं यरुशलेम जाळलं.

नुसतं घडणंही पुरेसं नाही बरं का. अनुवाद १३ सांगतं की एखाद्यानं सांगितलेलं चिन्ह खरं झालं, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागं नेत असेल, तर त्याचं ऐकू नका. आमच्यात 'त्यांचं खरं झालं हो!' म्हटलं की सगळे गप्प होतात, त्यांच्यासाठी हे.

मग इशाऱ्याला पारखायचं कशानं? त्यानं बोट कुठं ठेवलंय ते बघा. नाथान संदेष्टा दावीद राजापुढं गेला तेव्हा 'राजघराण्यावर काहीतरी येणार' असं मोघम बोलला नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, तो मनुष्य तूच. आमोस संदेष्टा म्हणतो, तुम्ही चांदीसाठी नीतिमानाला आणि जोडाभर पायताणासाठी गरिबाला विकता. आमच्या ग्रुपवरच्या निरोपात तारीख असते, फुटांचा आकडासुद्धा असतो, पण काय सोडायचं ते कधीच नसतं. नुसतं 'पश्चात्ताप करा' म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. आमोस सांगलीत आला असता तर पाण्याचे फूट सांगायच्या आधी ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या जोडप्यांबद्दल बोलला असता, सावकारीबद्दल बोलला असता, आणि नाले बुजवून पूररेषेत बांधलेल्या घरांच्या मालकांना नावानिशी विचारलं असतं. त्यात आमच्या मंडळीतलीही दोन-चार निघाली असती.

मोठ्या आपत्तीकडं बोट दाखवून 'हा अमक्यांच्या पापाचा इशारा' म्हणणं ही आणखी एक खोड. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाबद्दल असं बोललेलं मी लहानपणी ऐकलंय, महापुराबद्दल अजून ऐकते. लूक १३ मध्ये येशू हाच प्रश्न स्वतः काढतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा पापी होते का? तो म्हणतो, नाही. पण तुम्ही वळला नाहीत तर तुमचंही तसंच. मेलेल्यांचा हिशेब तो करतच नाही. यावर मला अधिक लिहायचं नाही.

देशाच्या पश्चात्तापाचा प्रश्न इथंच येतो. सभेत माईक हातात घेऊन देशाची पापं मोजणाऱ्याच्या यादीत त्याचं स्वतःचं एकही नसतं. आमोसाची सुरुवात अशाच श्रोत्यांसाठी आहे. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब: शेजाऱ्यांचं एकेक पाप तो काढतो, आणि लोक माना डोलवत असणार. मग यहूदा. आणि मग थेट समोर बसलेलं इस्राएल, सगळ्यात लांबलचक. दानीएल ९ मध्ये दानीएल, ज्याच्यावर पुस्तकभर कुणाला ठपका ठेवता आला नाही, तो प्रार्थनेत 'त्यांनी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. नहेम्या म्हणतो, मी आणि माझ्या बापाचं घराणं. २ इतिहास ७:१४ बॅनरवर छापताना आपण 'देश बरा करीन' मोठ्या अक्षरात घेतो आणि 'माझे लोक लीन होतील' बारीक. ते वचन शलमोनाच्या मंदिराच्या वेळचं, आणि त्यातले 'माझे लोक' म्हणजे पलीकडच्या गल्लीतले नव्हेत. १९१७ मध्ये साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली ती मिशनची चाकरी सोडून. मंडळीच्या परकेपणाबद्दल ते बोलले ते आपली मिळकत आधी सोडून. म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकावंसं वाटतं.

पस्तावा आणि पश्चात्ताप यांतला फरक एका ओळीचा आहे: येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही पस्तावला होता, पण वळला नाही.

इशाऱ्याची भाकणूक करण्यात पहिला नंबर खुद्द योनाचाच. शहर वाचलं म्हणून तो रुसला, गावाच्या पूर्वेला मांडव घालून बसला, शहराचं काय होतं ते बघत. सावलीला तुंबीचा वेल उगवला तेव्हा खूश, वाळला तेव्हा मरायला तयार. मग देव विचारतो: ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का? पुस्तक तिथंच थांबतं. योनाचं उत्तर नाही.

शब्बाथ शाळेत हा पाठ झाला की मुलं योनाला गिळणाऱ्या माशाबद्दलच विचारतात. महापुराच्या पुढच्या वर्षी नदीकाठच्या गावातला एक मुलगा म्हणाला, "टीचर, गुरंढोरंपण धरली होती?" त्यांच्या दावणीच्या दोन म्हशी पाण्यात गेल्या होत्या. शेवटच्या ओळीत आहेत, म्हटलं, आणि पुस्तक त्याच्याकडं सरकवलं. त्यानं बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली.