बकरीची लस बैलाले?

२०२२ ची लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येतात त्या रोगाची, साथ आठवते का? तेव्हा मी काटोलकडे मामांच्या गावी गेलो होतो आणि नेमके त्याच दिवशी गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले. गोठ्यात गवळाऊ बैलांची जोडी, दोन गाई आणि एक म्हैस, सगळीकडे कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. डॉक्टरांनी बर्फाच्या डब्यातून बाटली काढली, मामांनी माझ्याकडून लेबल वाचून घेतलं आणि एकदम उखडले, "साहेब, हे तं बकरीची लस हाय. बैलाले बकरीची लस काऊन टोचून राहिले तुमी?" डॉक्टर हसले, म्हणाले, "चालते काका, एकाच खानदानातले हायेत," आणि टोचून मोकळे झाले.

मामांचं समाधान काही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही, म्हणून घरी आल्यावर मी या खानदानाच्या मागेच लागलो.

खानदानाचं नाव पॉक्सव्हायरस. माणसांचा देवीचा रोग (स्मॉलपॉक्स) यातलाच, लम्पी यातलीच, एमपॉक्स यातलाच, कोंबड्यांच्या तुऱ्यावर खपल्या येतात तो रोगही यातलाच. व्हायरसच्या दुनियेत ही मंडळी एकदम धिप्पाड. फ्लूचा व्हायरस साधारण १०० नॅनोमीटरचा, आणि हे विटेच्या आकाराचे गडी ३०० च्या आसपास. म्हणूनच १८८६ च्या सुमारास जॉन बुइस्ट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरला लसीच्या द्रवात साध्या मायक्रोस्कोपखाली त्यांचे ठिपके दिसले होते, तेव्हा व्हायरस म्हणजे काय हेच कोणाला धड माहीत नव्हतं.

यांची काम करायची पद्धतही वेगळीच आहे. डीएनएवाले बहुतेक व्हायरस आपल्या पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथली यंत्रसामग्री वापरून स्वतःच्या कॉप्या काढतात. पॉक्सवाले केंद्रकात जातच नाहीत, बाहेरच तंबू ठोकतात. आपल्याकडे लग्नात आचारी कसा स्वतःची भट्टी, कढया, झारे आणि हाताखालची पोरं सगळं घेऊन येतो, जागा आणि किराणा तेवढा यजमानाचा, तसं. डीएनए वाचायची यंत्रं ते सोबतच आणतात, प्रोटीन बनवायला मात्र आपलेच रायबोसोम लागतात. त्यात पुन्हा देवीच्या व्हायरसकडे २०० च्या आसपास जीन्स, त्यातले कितीतरी फक्त आपल्या इम्युनिटीला गंडवायला. काही तर लाखो वर्षांत आपल्यासारख्याच प्राण्यांकडून चोरलेले आहेत! आपल्या पेशी एकमेकींना धोक्याचे सिग्नल पाठवतात ना, ते सिग्नल मधेच पकडून गिळून टाकणारे नकली रिसेप्टर हा व्हायरस बाहेर सोडतो. म्हणजे चोर आला आणि आल्याआल्या घंटीची वायर कापली.

आता मामांचा प्रश्न. या खानदानात बऱ्याच शाखा आहेत. मेंढी, बकरी आणि लम्पी या तिघांचे व्हायरस एका शाखेतले, कॅप्रिपॉक्स म्हणतात तिला, आणि त्यांचा डीएनए एकमेकांशी ९६-९७ टक्के जुळतो. बैलाच्या इम्युनिटीला बाटलीवरचं लेबल थोडीच वाचता येते, ती बघते व्हायरसच्या अंगावरचे प्रोटीन. बकरीवाल्या कमजोर केलेल्या व्हायरसशी एकदा ओळख झाली की लम्पीवाला आला तरी चेहरा ओळखीचाच वाटतो. आपल्या देशात लम्पी पहिल्यांदा सापडला २०१९ मध्ये ओडिशात, त्याची खास लस तेव्हा आपल्याकडे नव्हती, मग चुलतभावाची वापरली. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी खास लम्पीची लस केली ती २०२२ मध्ये.

आणि ही युक्ती काही नवीन नाही, लस नावाची गोष्ट सुरूच तिथून झाली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरनं गवळणीच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या (गायीच्या सडावर येते ती) फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला तो याच हिशोबानं, चुलत बहिणीशी ओळख करून दिली की खरी देवी आत शिरत नाही. तो द्रव बगदाद, बसरा करत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असा मुंबईला पोचला आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला, भारतातली पहिली लस ती. गंमत म्हणजे पुढे जगभर जो व्हायरस लस म्हणून वापरला, व्हॅक्सिनिया, तो गायीचा नाहीच. डीएनए तपासला तर तो घोड्यांच्या देवीच्या जवळचा निघाला. लॅटिनमध्ये गायीला 'वाका' म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला, आणि व्हायरस निघाला घोड्याच्या नात्यातला.

नावांचा घोळ आपल्याकडे तर विचारूच नका. देवी असो, कांजिण्या असो, आपल्याकडे सरसकट 'माता आली' म्हणतात, अंथरुणात कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. पण कांजिण्या पॉक्स खानदानातल्या नाहीतच! इंग्रजीत तिला चिकनपॉक्स म्हणतात तरी तिचा व्हायरस हर्पिसवाला, म्हातारपणी नागीण होते तोच. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर जास्त आणि एकाच वेळी काही नवे काही सुकलेले, तर देवीचे चेहऱ्यावर, हातापायावर, तळव्यांवरसुद्धा आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. देवीच्या जहाल प्रकारात दर १० पेशंटमधले ३ मरायचे. हा व्हायरस फक्त माणसांतच राहायचा, गुराढोरात लपायला जागा नव्हती, म्हणून तो संपवता आला. भारतातली शेवटची केस मे १९७५ ची, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. आता तो अधिकृतरीत्या दोनच लॅबमध्ये कुलपात आहे, एक अमेरिकेत, एक रशियात.

एमपॉक्सचीही तीच नावाची तऱ्हा. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या लॅबमधल्या माकडांत सापडला म्हणून मंकीपॉक्स म्हणायचे, पण मुक्काम बहुधा आफ्रिकेतल्या खारी-उंदरांसारख्या प्राण्यांत. आणि पोट्ट्यांच्या अंगावर मोत्यासारखे बारीक दाणे येतात, मधोमध खळी असलेले, ते मोलस्कम, तेही याच घरचे. माझ्या भाच्याला झाले तेव्हा घरच्यांनी चामखीळ समजून घोड्याचा केस बांधायची तयारी केली होती. बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप जातात, फक्त फोडायचे नाहीत.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. लम्पी माणसाला होत नाही हे ऐकून ते निवांत झाले, पण लगेच विचारलं, "मंग म्हशीच्या सडावर फोडं येतात ते?" आता आली का पंचाईत. म्हशींची देवी देवीच्याच शाखेतली, आणि तिचा व्हायरस म्हणजे व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार आहे, म्हणजे माणसाला टोचायचो त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या गोठ्यात फिरतोय. तो धार काढणाऱ्याच्या बोटांना, मनगटाला लागतो, दुखरे फोड येतात, कधी ताप, काखेत गाठ. महाराष्ट्रातही तिच्या साथी येऊन गेल्यात. म्हटलं, ज्यांनी लहानपणी देवी काढल्यात, म्हणजे देवीची लस टोचून घेतली, त्यांना थोडंफार संरक्षण असते, पण इतक्या वर्षांत ते ओसरते, तेव्हा हातात मोजे घाला, साबणानं हात धुवा. आणि देवीच्या लसीचा म्हणून दंडावरचा वण नीट बघा, बीसीजीचाही वण दंडावरच असतो, आताच्या पोरांच्या दंडावर दिसतो तो टीबीच्या लसीचा.

मामा थोडा वेळ गप्प. बहुतेक बाही वर करून बघत होते. "माया हातावर दोन हायेत," म्हणाले, "पोट्ट्याच्या हातावर एकच हाय, ते तुवं बीसीजी का काय तेच असन." तेव्हापासून म्हशीच्या सडावर काही दिसलं की ते पोराला गोठ्यात येऊ देत नाहीत, धार स्वतः काढतात. मोजे मात्र अजून आणलेले नाहीत.