तेलाच्या पिंपाची धुरी: स्मोकरची पार्श्वभूमी

मुंबईत पिंपाचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची शेगडी, करायचा म्हटलं की पहिली चक्कर भंगाराच्या बाजारात होते. तिथे २०० लिटरची पोलादी पिंपं रचलेली असतात. या पिंपाचा जन्म तेलासाठी झाला. पूर्वी खनिज तेल लाकडी पिंपांतून जायचं आणि वाटेत गळायचं. पृथ्वीप्रदक्षिणेमुळे गाजलेल्या अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय पुढे ब्रुकलिनमध्ये नवऱ्याचा कारखाना चालवत होत्या. तिथल्याच हेन्री वेअरहान यांनी रचलेल्या पोलादी पिंपाचं पेटंट १९०५ मध्ये निघालं.

दुसऱ्या महायुद्धात इंधन भरलेली अशी पिंपं जगभर गेली, आणि रिकामी झाल्यावर लोकांनी त्यांचं सोनं केलं. त्रिनिदादमध्ये त्यांची वाद्यं झाली. जमैकात पिंप उभं चिरून, झाकणाला बिजागरी लावून त्यात जर्क चिकन, म्हणजे तिखट मसाला चोळलेली कोंबडी, भाजू लागले. जर्कची मूळ रीत त्याहून कितीतरी जुनी. गुलामीतून निसटून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांनी ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या, टाइनोंच्या, पद्धतीवरून घडवली. आजच्या स्मोकरचं श्रेय मी आधी त्यांना देतो. १९५२ मध्ये शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी बंदरातल्या तरंगत्या बोयाचा अर्धा गोळा घेऊन झाकणाची शेगडी बनवली, ती नंतरची गोष्ट.

उभ्या पिंपाच्या स्मोकरमध्ये सगळा खेळ हवेचा. तळाशी जाळीच्या टोपलीत कोळसा, त्याच्या साधारण दोन फूट वर मांसाची जाळी, खाली हवेची दोन-तीन भोकं, झाकणात धुराची वाट. भोकं जेवढी आवळाल तेवढे निखारे मंद. ११० ते १३० अंशांवर तासन् तास ठेवलं की चिवट मांसही सुटं होतं. चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर परत मांसाला लागतो. पिंपाच्या स्मोकरची खरी चव ती हीच.

मुंबईत पिंप आणि आग यांची ओळख जुनी आहे. ढाब्यावरचा तंदूर बरेचदा पिंपात बसवलेली मातीची भट्टीच असते. पण तंदूर मिनिटांत भाजतो, त्याची आच कितीतरी प्रखर. बंद तोंड आणि संथ आच या दृष्टीने स्मोकरला जवळची वाटते ती रायगडची पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, पाण्याचा थेंब नाही. धुरात मासे टिकवण्याची चाल मात्र इथे रुजली नाही. वर्सोवा-मढच्या कोळीवाड्यांत बोंबील सुकवायला ऊन पुरेसं होतं, म्हणूनच असावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. भंगारातल्या पिंपात आधी काय होतं, हे कळल्याशिवाय ते घेऊ नये. कीटकनाशक किंवा अनोळखी रसायन असेल तर घासून, जाळूनही ते अन्नाच्या कामाचं नाही. आतून रंग वा लेप असलेलं आणि जस्ताचा मुलामा दिलेलंही टाळावं; तापल्यावर त्यांचा धूर विषारी. तेलाच्या रिकाम्या पिंपात पेट घेणारी वाफ उरते. त्यावर कटर चालवला तर स्फोट होऊ शकतो. खाद्यतेलाचं, लेप नसलेलं किंवा कोरं पिंप मिळालं तर तेच घ्यावं.

मुंबईच्या धुराचाही विचार हवा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यामुळे इमारतीच्या गच्चीवर तासन् तास धूर करणं मला पटत नाही. अलिबाग-वसईकडे मोकळं अंगण असेल, तर पिंप तिथे ठेवावं.