लागोपाठच्या क्रूझ की निवासी जहाज? समुद्रावर राहण्याचे दोन वेगळे करार

क्रूझवर कायमचं राहायला जायचंय असं म्हणणाऱ्यांच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे नेहमीच्या क्रूझची एकामागून एक बुकिंग करत वर्षभर समुद्रावर राहणं. दुसरी म्हणजे राहण्यासाठीच चालवल्या जाणाऱ्या जहाजावर केबिन किंवा अपार्टमेंट विकत घेणं, नाहीतर काही वर्षांसाठी भाड्याने घेणं. जेवण, बंदरं, बाल्कनीतून दिसणारं पाणी सगळं सारखंच. फरक करारात आहे, आणि पैसे अडकतात तेही तिथेच. (तीन-चार महिन्यांची जगप्रदक्षिणा पहिल्याच प्रकारात मोडते, फक्त करार लांबलचक.)

लागोपाठच्या क्रूझमध्ये प्रत्येक फेरी हा स्वतंत्र करार असतो. फेरी संपली की खात्याचा हिशोब पूर्ण होतो, वायफायचं पॅकेज संपतं, केबिनचं नवं कार्ड मिळतं आणि आणीबाणीची कवायत पुन्हा करावी लागते. अमेरिकी बंदरात तर पुढे जाणाऱ्यांनाही खाली उतरवतात. शेवटचा प्रवासी उतरल्याची नोंद झाली की मगच परत आत सोडतात. केबिन तीच असेल तर सामान जागेवर राहतं. बदलली असेल तर कपाटातलं सगळं बॅगेत भरायचं. हँगरवरचे कपडे बहुतेक जहाजांवर कर्मचारी तसेच नव्या केबिनमध्ये नेतात. दर आठवड्याला हे करायचं म्हणजे महिन्याभरात जीव मेटाकुटीला येतो. म्हणून लागोपाठच्या फेऱ्या शक्यतो एकाच केबिन नंबरवर बुक कराव्यात.

केबिन निवडताना जहाजाचा नकाशा उघडा. खालच्या डेकवर मधोमध हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. पूल डेकच्या खाली असाल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, थिएटरच्या वर असाल तर रात्री उशिरापर्यंत संगीत. अगदी पुढच्या भागात नांगराची साखळी सुटताना झोपमोड होते. आठ दिवस हे चालून जातं, आठ महिने नाही.

वर्षाची आखणी उलट बाजूने करावी. जहाजं वसंतात आणि शरदात एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात, उदाहरणार्थ कॅरिबियनमधून युरोपात किंवा अलास्काकडून आशियात. या एकमार्गी फेऱ्यांत बंदरं कमी आणि समुद्रातले दिवस जास्त, त्यामुळे रोजचा दर बऱ्याचदा कमी पडतो. आधी त्या पक्क्या करा, मग मधल्या महिन्यांत छोट्या फेऱ्या बसवा. बजेट मांडताना भाड्यात बंदर शुल्क, माणशी रोजची टिप, वायफाय, लाँड्री आणि विमा मिळवा. एकट्या माणसाला बऱ्याचदा दोघांचं भाडं भरावं लागतं, हे सुरुवातीलाच धरा.

दोन नियम इथे हमखास आडवे येतात. पहिला अमेरिकेचा 1886 चा प्रवासी जहाज कायदा. परदेशी ध्वजाचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं जहाज (जवळपास प्रत्येक मोठं क्रूझ जहाज तसंच असतं) प्रवाशाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात सोडू शकत नाही. मध्ये दूरचं परदेशी बंदर लागतं. अमेरिकेतलं सिएटल ते कॅनडातलं व्हँकुव्हर आणि त्याच जहाजाने व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर, या दोन फेऱ्या सुट्या सुट्या कायदेशीर आहेत. जोडल्या की सिएटल ते व्हिटियर असा प्रवास होतो आणि कॅनडा दूरचा धरला जात नाही. दुसरी फेरी वेगळ्या जहाजावर घेतली की प्रश्न मिटतो. बुकिंग दोन असल्याने ही चूक सुरुवातीला निसटते आणि ऐनवेळी एक फेरी रद्द करावी लागते.

दुसरा नियम शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक प्रवेश क्षेत्राचा: युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवर तिथे कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. जहाज इटली, ग्रीस, स्पेन असंच फिरत राहिलं तर बाहेर पडल्याची नोंदच होत नाही, आणि मधले समुद्रातले दिवसही मोजले जातात. क्रोएशियाही 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. उन्हाळा भूमध्य समुद्रात काढायचा तर तुर्कस्तान, माँटेनेग्रो, इजिप्त, ब्रिटन असे टप्पे मध्ये हवेतच.

निवासी जहाजावर ही जुळवाजुळव तुम्हाला करावी लागत नाही. सामान हलत नाही, डॉक्टर आणि शेजारी ओळखीचे होतात. व्हिसाचे नियम मात्र तसेच लागू राहतात, कारण जहाज बहामाच्या ध्वजाचं असलं तरी त्यावर राहून बहामाचं रहिवासीपण मिळत नाही. किनाऱ्यावर बँकेसाठी, करांसाठी, टपालासाठी एक खरा पत्ता लागतोच.

इथे मोठा धोका असतो जहाजाचाच. ‘द वर्ल्ड’ हे निवासी जहाज 2002 पासून चालू आहे. त्यावर 165 घरं आहेत, जहाजाची मालकी रहिवाशांकडे आहे आणि मार्गही तेच ठरवतात. नव्या योजनांचं तसं नसतं. नोव्हेंबर 2023 मध्ये इस्तंबूलहून निघणारी ‘लाइफ ॲट सी’ची तीन वर्षांची सफर जहाजाची खरेदीच न झाल्याने रद्द झाली. लोकांनी तोवर घरं आवरली होती. ‘व्हिला व्ही ओडिसी’ हे 1993 चं जहाज मे 2024 मध्ये बेलफास्टहून निघणार होतं. सुकाणू आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीमुळे सुमारे चार महिने अडकलं. म्हणून डिपॉझिट देण्याआधी विचारा: जहाज आज कोणाच्या नावावर आहे? बांधणीचं वर्ष कोणतं? पैसे तिसऱ्या पक्षाच्या राखीव खात्यात राहतात का? मासिक शुल्क इंधनाच्या दराबरोबर वाढतं का? केबिन परत विकता येते का, आणि कोणाला?

औषधं, पासपोर्ट आणि विमा दोन्हीकडे सांभाळावे लागतात. औषधं मूळ वेष्टनात, जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा. जपानमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. त्याआधी प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. पासपोर्टची मुदत समुद्रात संपू देऊ नका, कारण नूतनीकरणाला काही आठवडे एका जागी थांबावं लागू शकतं. नेहमीच्या प्रवास विम्यात एका सफरीच्या दिवसांवर मर्यादा असते, तेव्हा आजारी माणसाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरणारी दीर्घ मुदतीची पॉलिसी शोधा. बँकेचा ओटीपी ॲपवर येईल अशी सोय करून फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचं बिल भलतंच येतं.

आमचं मत स्पष्ट आहे: आधी लागोपाठच्या फेऱ्यांत सलग तीन महिने काढा, त्यात एक अटलांटिक ओलांडणारी फेरी असू द्या. निवासी जहाज घ्यायचंच ठरलं तर ते किमान वर्षभर नियमित चाललेलं असावं, आणि तोवर घर विकू नये, भाड्याने द्यावं. प्रवासी जहाजाचा तळ पाच वर्षांत किमान दोनदा तपासावा लागतो. त्यासाठी ते गोदीत जातं आणि रहिवाशांना काही आठवडे बाहेर राहावं लागू शकतं. त्या काळातला राहण्याचा खर्च कोणी करायचा, हे करारात नसेल तर सहीआधी लिहून घ्या.