हायड्रोसिफॅलस झालेल्या बाळाचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज कुठे अडतो?

गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) किंवा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) यांसारखा संसर्ग आईकडून बाळाला झाला, की काही बाळांच्या मेंदूत पाणी साठतं, म्हणजे हायड्रोसिफॅलस होतो. ते पाणी काढून देणारी नळी, म्हणजे शंट बसतो, घरचे थोडे सावरतात आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करतात. शंटचं ऑपरेशन मात्र कुठल्याही कागदासाठी थांबवू नका.

अर्ज बऱ्याचदा परत येतो, कारण जोडलेल्या कागदांवर फक्त आजाराचं नाव असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत हायड्रोसिफॅलस नाही. या आजाराने बाळात काय मागे ठेवलं, ते प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ तपासतं: सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष), बौद्धिक अक्षमता, अल्पदृष्टी, श्रवणदोष. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत विकासाच्या टप्प्यांचा अहवाल, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि कानांची बेरा चाचणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी) हवीच.

आईचा गरोदरपणातला टॉर्च रिपोर्ट (टॉक्सोप्लाझ्मा, सीएमव्ही अशा संसर्गांची रक्ततपासणी) शोधण्यात पालकांचे महिने जातात. बहुतेकांकडे तो नसतोच, कारण ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होत नाही. दिव्यांगत्व ठरवायला संसर्गाचा पुरावा लागत नाही. खिडकीवर कुणी मागितलाच, तर कुठल्या नियमाने, ते लेखी मागा. लोकांना उगाच पळवायची ही सवय मोडायलाच हवी.

उपचारासाठी मात्र कारण कळणं मोलाचं आहे, आणि तिथली मुदत खरोखर कडक आहे. सीएमव्हीसाठी बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. हे दिवस जन्मापासून मोजायचे, निदानापासून नव्हे. पुढे विषाणू सापडला तरी तो पोटात असताना आला की नंतर, हे सांगता येत नाही. टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत बाळाच्या रक्तात नुसती आयजीजी (एक प्रकारची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. आईची प्रतिपिंडं बाळात उतरलेली असतात. वर्षानंतरही ती टिकली, तर संसर्ग जन्मजात धरतात.

प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर, बाळाच्या नावाने. पालक म्हणून तुम्ही भरायचा. बाळाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, उपचाराचे कागद, बस.

बौद्धिक अक्षमतेचं मूल्यमापन एक वर्ष पूर्ण झाल्यावरच होतं. चार महिन्यांच्या बाळाला 'नंतर या' म्हणाले, तर तो नकार समजून खचू नका. लहान वयात प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं. त्यावरची शेवटची तारीख घरी आल्याआल्या लिहून ठेवा.

प्रमाणपत्रावर कोणता प्रकार छापलाय, तो तिथेच वाचा. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देणारा निरामय हा सरकारी आरोग्य विमा सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच आहे. सेरेब्रल पाल्सी असताना नुसतं 'अस्थिव्यंग' लिहिलं गेलं, तर पुढे विम्याचं दार बंद होतं.

आणि सीएमव्हीच्या बाळांचं ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं, जन्मावेळची चाचणी चांगली आलेली असली तरी. नूतनीकरणाला जाताना बेरा नव्याने करून घ्या, जुना रिपोर्ट पुन्हा जोडू नका.