प्लेगचे क्रूस कुठून आले

वांद्र्याची गावठाणं, गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, कुठेही फिरा, गल्लीच्या वळणावर एखादा क्रूस दिसतोच, गळ्यात झेंडूचा हार आणि पायाशी विझलेल्या मेणबत्त्या. बरेच लोक सरसकट सगळ्यांना प्लेगचे क्रूस म्हणतात. तसं नाहीये, काही त्याच्याही आधीचे आहेत. पण १८९६ नंतर गावठाणांमधे जे क्रूस उभे राहिले त्यांच्यामागे मात्र भीती होती, आणि ती नुसती रोगाची नव्हती.

झालं असं की सप्टेंबर १८९६ मधे मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने आणि गाठी येऊन मरायला लागले, आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, गोव्याचे कॅथलिक डॉक्टर, त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, रोज हजारो लोक बाजूने जातात आणि कुणी वर बघत नाही. मग सरकारी माणसं घरात शिरून पेशंट शोधायला लागली, आजाऱ्याला उचलून हॉस्पिटलात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या कॅम्पात. लोकांना प्लेगपेक्षा ह्या उचलून नेण्याचीच जास्त धास्ती, ऑक्टोबरमधे तर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवरच चालून गेला. लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले.

आता ईस्ट इंडियन माणूस, म्हणजे मुंबईचा मूळचा कॅथलिक, पळणार कुठे? त्याचं गाव म्हणजे मुंबईच. त्यात कॅथलिक घरात अजून एक भीती, फादर यायच्या आत, शेवटचे संस्कार न होता माणूस गेला तर? मला वाटतं गल्लीतला क्रूस ह्या भीतीवरचा उपाय होता. दाराच्या बाहेरच देवाची जागा. स्तोत्र ९१ मधे तर काळोखात फिरणाऱ्या मरीला भिऊ नकोस असंच सांगितलंय, आणि लदीन, म्हणजे क्रूसापुढे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, म्हणताना मारियाबायला, येशूच्या आईला, जी नावं घेऊन हाक मारतात त्यात "आजाऱ्यांचं आरोग्य" हेही एक आहे, त्या दिवसांत ते नाव कुठल्या आवाजात घेतलं गेलं असेल विचार करा. सोबत संत रोक आणि संत सेबॅस्टियन, युरोपात मरीच्या साथीत शतकानुशतके ह्यांचाच धावा केला जायचा.

म्हणून लोकांनी औषध नाकारलं असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही धरायचं. व्हिएगस स्वतः लस टोचत फिरले, आणि ती प्लेगची लस शास्त्रज्ञ हाफकिन यांनी इथेच ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली.

प्लेग गेला, लदीन राहिली. अजूनही मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापुढे खुर्च्या मांडतात, म्हाताऱ्या बायका सूर धरतात, मधेच एखादी रिक्षा हॉर्न मारत घुसते, आणि संपलं की पोरं उकडलेल्या चण्यांसाठी रांग लावतात.