जिभेवरचा पांढरा थर आणि चिनी वैद्यांचा नकाशा

२०२४च्या ऑगस्टमध्ये बातमी फिरत होती की जिभेचा फोटो बघून एआय ९८ टक्के अचूक आजार सांगतं, आणि चिनी वैद्यांना हे दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं. ते एआय बनवणाऱ्या इराक आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा ९८ टक्क्यांचा आकडा जिभेचा रंग ओळखण्याचा होता, आजार ओळखण्याचा नाही, पण तेवढं वाचतंय कोण.

चिनी वैद्य दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात, खालच्या मांसाचा रंग आणि वरचा थर. निरोगी जीभ म्हणजे फिकट लाल आणि वर पातळ पांढरा थर, म्हणजे थर थोडा हवाच! आपण रोज टंग क्लीनरने खरवडतो तो हाच. १३४१ साली आओ नावाच्या वैद्याच्या १२ चित्रांत दू चिंगबीने २४ घालून ३६ जिभांचं पुस्तक केलं, तेही तापाच्या आजारांवर. आणि तापाच्या बाबतीत निरीक्षण खरंच पक्कं आहे.

कारण बघा. जिभेवर जे मखमली दिसतं ते फिलिफॉर्म पॅपिला, म्हणजे धाग्यांसारखे बारीक उंचवटे, त्यांना चव कळत नाही, टोकाला केरॅटिन असतं, नखं-केसांतलंच. ते सतत वाढतं आणि भाकरी चावताना, बोलताना घासून झिजतं. तापात आपण पेजेवर असतो, तोंडाने श्वास घेतो, लाळ आटते, घासणं बंद आणि वाढ चालूच, मग लांबलेल्या टोकांत मेलेल्या पेशी, बॅक्टेरिया, अन्नाचे कण अडकून जीभ पांढरी पडते. एरवी मिलिमीटरभर असणारी ही टोकं काहींची सेंटिमीटरच्याही पुढे जातात, त्यात चहा, सिगरेट नाहीतर बॅक्टेरियाचा रंग बसला की काळी केसाळ जीभ, दिसायला भयंकर पण बहुतेक वेळा निरुपद्रवी.

उलटंही होतं. पॅपिलाच्या मुळाशी पेशी सारख्या विभागत असतात, त्यासाठी डीएनए बनवायला बी१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं लागतात, ती कमी पडली की पॅपिला विरळ होतात आणि जीभ लाल, गुळगुळीत, झोंबणारी होते. चिनी वैद्य अशा सपाट जिभेला आरशासारखी म्हणतात आणि यिन (शरीर थंड, ओलसर ठेवणारी शक्ती) कमी झालं असं सांगतात. बघितलं बरोबर, कारण भलतंच. काढ्याने बी१२ कसं भरून निघणार? शुद्ध शाकाहारी घरात तर आधी रक्तच तपासावं.

जिभेचा कुठला भाग कुठल्या अवयवाचा, या चिनी नकाशाचं मात्र काही खरं नाही. शेंडा हृदय-फुप्फुसाचा, मध्य जठर-प्लीहेचा, कडा यकृताच्या, मूळ किडनीचं, पण यकृताची कुठली नस जिभेच्या कडेला येतच नाही. जिओग्राफिक टंग म्हणून एक निरुपद्रवी प्रकार असतो, शंभरात एक ते तिघांना, त्यात लाल चट्टे काही दिवसांत जागा बदलतात, म्हणजे आज किडनी बिघडली, पुढच्या आठवड्यात यकृत! गंमत इथपर्यंत ठीक आहे. पण जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा कडेलाच सुरू होतो, तंबाखू-मिश्रीवाल्याच्या कडेवरचा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर यकृताची उष्णता वगैरे ऐकत बसू नका, सरळ डेंटिस्टकडे जा.